पॉइंट्स टेबल वाचताना या चुका टाळा, नाहीतर टीम बाहेर गेलेली असते आणि आपण नाचत असतो

८ ऑक्टोबर २०११, साऊथ आफ्रिकेतलं नेल्स्प्रूट. फुटबॉलच्या आफ्रिका कपच्या क्वालिफायरची, म्हणजे पात्रता फेरीची, शेवटची मॅच, समोर सिएरा लिओन, स्कोअर ०-०. त्याच दिवशी ग्रुपमधलं नायजर इजिप्तकडून ३-० ने मार खात होतं, त्यामुळे साऊथ आफ्रिकेला वाटलं की बरोबरी पुरते, मग गोलसाठी जीव टाकायचं सोडून ते बरोबरी सांभाळत बसले, शिट्टी वाजली आणि सगळे प्लेयर मैदानातच नाचायला लागले. क्वालिफाय झालं होतं नायजर.

टेबल वाचायला चुकलं की काय होतं याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि ही चूक आपण फॅन लोक तर दर क्वालिफायरला करतो. फक्त आपल्या चुकीने कुणी बाहेर जात नाही, उगाच आशा लागते नाहीतर उगाच सुटते एवढंच.

पहिली चूक हीच, की पॉइंट सेम झाले तर पुढे काय बघायचं हे न वाचता थेट गोल डिफरन्सवर (मारलेले गोल वजा खाल्लेले गोल) जायचं. त्या ग्रुपमध्ये साऊथ आफ्रिका, नायजर आणि सिएरा लिओन तिघांचेही ९ पॉइंट झाले होते. गोल डिफरन्स धरला तर साऊथ आफ्रिका +२ आणि नायजर -२, विषयच संपला. पण त्या स्पर्धेत आधी हेड-टू-हेड बघायचं होतं, म्हणजे ज्यांचे पॉइंट सेम आहेत त्यांच्या आपापसातल्याच मॅच घ्यायच्या, बाकीच्या मॅच बाजूला ठेवायच्या.

आता वही घेऊन बसा. साऊथ आफ्रिकेने नायजरला घरी २-० हरवलं, तिकडे जाऊन २-१ ने हरले, सिएरा लिओनशी दोन्ही वेळा ०-०. जिंकलं की ३, बरोबरीला १, हरलं की ०, म्हणून झाले ३ + ० + १ + १ = ५. नायजरने साऊथ आफ्रिकेविरुद्ध एक जिंकली एक हरली, सिएरा लिओनला ३-१ हरवलं आणि त्यांच्याकडे १-० ने हरले, म्हणजे दोन विजय, ६ पॉइंट. सिएरा लिओन ५. नायजर ६, बाकी दोघं ५-५, म्हणून नायजर. इजिप्तकडून खाल्लेले ते तीन गोल या हिशेबात येतच नाहीत.

आता यातच दुसरी चूक लपलीय आणि ती जरा जुन्या-जाणत्या फॅनकडून पण होते. फक्त साऊथ आफ्रिका आणि नायजर या दोघांचं हेड-टू-हेड काढलं तर एकेक विजय आणि गोल ३-२, म्हणजे साऊथ आफ्रिका पुढे! पण पॉइंट सेम तिघांचे होते, त्यामुळे तिघांचं मिळून छोटं टेबल करायचं, सोयीचे दोघं उचलायचे नाहीत. तिघांच्या टेबलनंतरही दोघं सेम राहिले तर मगच त्या दोघांचं वेगळं बघायचं, आणि ते पण त्या स्पर्धेच्या नियमात तसं लिहिलं असेल तरच.

बरं, हा क्रम सगळीकडे एक असतो का? नाही, आणि इथंच घोळ होतो. २०२६ वर्ल्ड कपच्या क्वालिफायरमध्ये आधी गोल डिफरन्स, मग एकूण गोल, मग हेड-टू-हेड. आणि त्याच २०२६ वर्ल्ड कपच्या मेन ग्रुप स्टेजला फिफाने उलटं केलं, आधी हेड-टू-हेड. एशियन कपच्या २०२७ च्या शेवटच्या क्वालिफाइंग राऊंडला पण हेड-टू-हेड आधी. म्हणजे आपली इंडिया टीम वर्षभराच्या आत दोन वेगळ्या नियमांखाली खेळली. मागच्या वेळचं गणित या वेळी चिकटवलं की चुकलंच म्हणून समजा.

आपलंच उदाहरण घ्या, जून २०२४. वर्ल्ड कप क्वालिफायरचा दुसरा राऊंड, ग्रुपमधून पहिले दोन पुढे जाणार. शेवटच्या दिवसाआधी कतार १३ पॉइंट घेऊन निवांत, इंडिया ५, अफगाणिस्तान ५, कुवेत ४. आपली मॅच दोहाला कतारशी, तिकडे कुवेत-अफगाणिस्तान. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे घरचा विषय, त्यामुळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर हेच चाललेलं आणि निम्म्या मेसेजमध्ये एकच वाक्य, ‘ड्रॉ झाला तरी चालतंय’. नव्हतं चालत, किंवा फक्त एकाच परिस्थितीत चालत होतं. आपण ड्रॉ केला की आपले ६, आणि कुवेत जिंकलं की त्यांचे ७, विषय कट. अफगाणिस्तान जिंकलं की त्यांचे ८, तरी कट. तिकडे पण ड्रॉ झाला तरच आपण आणि अफगाणिस्तान ६-६, आणि मग गोल डिफरन्सवर आपण -३ आणि ते -१०, म्हणून आपण पुढे. इथं आधी हेड-टू-हेडचा नियम असता तर मात्र आपण बाहेर गेलो असतो, कारण अफगाणिस्तानशी एक मॅच ०-० आणि एक आपण १-२ हरलेलो.

जिंकलो असतो तर ८ पॉइंट, आणि अफगाणिस्तान जिंकून ८ वर आलं असतं तरी गोल डिफरन्सवर आपणच जवळपास नक्की पुढे. म्हणून ‘अमुक झालं तरी चालतंय’ असं अर्धं वाक्य लिहायचंच नाही, त्याच्यापुढं ‘पण दुसऱ्या मॅचमध्ये काय व्हायला पाहिजे’ हे लिहून पूर्ण करायचं.

झालं काय ते सगळ्यांना माहीतच आहे. ३७ व्या मिनिटाला छांगतेचा गोल, आपण पुढे, आणि ७३ व्या मिनिटाला कतारचा तो गोल ज्याच्या आधी बॉल सरळ सरळ लाइनीच्या बाहेर गेला होता, व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) नव्हतं, रेफरीने गोल दिला. शेवटी २-१ ने हरलो, कुवेतने अफगाणिस्तानला १-० हरवलं, कुवेत ७ आणि आपण ५. तो गोल आठवला की अजून पोटात कालवतं, आणि राग बरोबरच आहे.

पण सगळा हिशेब शेवटच्या मॅचवर ढकलायचा ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ही चूक आपण मनाला बरं वाटावं म्हणून करतो. पॉइंटला तारीख नसते. मार्चमध्ये गेलेले तीन पॉइंट आणि जूनमध्ये गेलेले तीन पॉइंट टेबलात सारखेच दिसतात. गुवाहाटीला अफगाणिस्तानविरुद्ध छेत्रीच्या १५० व्या मॅचला त्याच्याच पेनल्टीने आपण १-० पुढे होतो आणि शेवटी १-२ हरलो, ती मॅच जिंकली असती तर शेवटी ५ च्या जागी ८ आणि कुवेतच्या पुढे. कोलकात्याला छेत्रीच्या निरोपाच्या मॅचला कुवेतशी ०-० झालं, ते १-० केलं असतं तर आपले ७ आणि कुवेतचे ६, कारण थेट स्पर्धकाला हरवलं की आपले दोन वाढतात आणि त्याचा एक कमी होतो. दोहात काहीही झालं असतं तरी चाललं असतं. म्हणून ग्रुप संपल्यावर वहीत एकदा लिहून काढा की कुठल्या मॅचला किती पॉइंट सांडले, मग दिसतं टीम नेमकी कुठं अडकली.

आता फातोर्डा, मडगावचं स्टेडियम. १४ ऑक्टोबर २०२५, मडगावला सिंगापूरशी मॅच, एशियन कप क्वालिफायर, ग्रुपमधून फक्त पहिला नंबर पुढे. छांगतेने सुरुवातीलाच गोल केला, मग सिंगापूरचे दोन, १-२. चार मॅचनंतर आपले २ पॉइंट, सिंगापूर ८, हाँगकाँग ८. दोन मॅच बाकी, म्हणून बऱ्याच जणांनी लगेच हिशेब केला की २ आणि ६ मिळून ८, म्हणजे गणिताने चान्स आहे. मी पण पाच मिनिटं हाच विचार करत बसलो होतो. चान्स नव्हता, कारण सिंगापूर आणि हाँगकाँगची एकमेकांशी मॅच बाकी होती. त्यात कुणीही जिंकलं तर तो ११ वर जाणार आणि ड्रॉ झाला तरी दोघं ९ वर, म्हणजे काहीही झालं तरी कुणीतरी ८ च्या वर जाणारच. इंडिया त्या रात्रीच बाहेर झाली होती.

आपले जास्तीत जास्त पॉइंट किती होतात एवढंच बघून भागत नाही. वरच्या टीम एकमेकांशी खेळायच्या आहेत का हे बघा, कारण ते दोघं एकाच वेळी हरू शकत नाहीत.

दुसऱ्या नंबरच्या टीमची वेगवेगळ्या ग्रुपमधून तुलना असेल तिथं तर डोळ्यात तेल घालून बघा. २०२६ च्या आफ्रिकेतल्या क्वालिफायरमध्ये चार बेस्ट रनर-अप प्लेऑफला जाणार होते. बुर्किना फासोचे २१ पॉइंट, नायजेरियाचे १७, आणि गेलं नायजेरिया. टायपिंग मिस्टेक नाही. इरिट्रियाने माघार घेतल्यामुळे एका ग्रुपमध्ये एक टीम कमी पडली, म्हणून बाकी ग्रुपमधल्या रनर-अपच्या तळाच्या टीमविरुद्धच्या मॅच धरायच्या नाहीत असं ठरलं. बुर्किना फासोने जिबूतीला दोन्ही वेळा हरवलेलं, ते ६ गेले, राहिले १५. नायजेरियाने झिम्बाब्वेशी दोन्ही ड्रॉ केलेले, ते २ गेले, राहिले १५. मग गोल डिफरन्सवर नायजेरिया पुढे. तुमचं टेबल आणि ऑफिशियल टेबल जुळत नसेल तर आधी अशी वजाबाकी झालीय का ते तपासा.

फिफा रँकिंगचे पॉइंट हा पूर्ण वेगळा प्रकार आहे, लोक ते पण यात मिसळतात. ते ग्रुप पाडायच्या सोडतीच्या वेळी कोण कुठल्या पॉटमध्ये (गटात) हे ठरवायला लागतात, ग्रुप सुरू झाला की बहुतेक ठिकाणी विसरून जायचे.

आणि कार्ड पण मोजा. २०१८ च्या वर्ल्ड कपला जपान आणि सेनेगल पॉइंट सेम, गोल डिफरन्स सेम, गोल सेम, आपापसातली मॅच २-२. जपानची ४ पिवळी कार्डं, सेनेगलची ६, म्हणून जपान पुढे. शेवटची दहा मिनिटं जपान पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे असून नुसता बॉल फिरवत बसलं, लोकांनी फार शिव्या घातल्या. मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही, सेनेगलने तिकडे एक गोल मारला असता तर जपान बाहेर गेलं असतं, पण निदान त्यांना कुठल्या नियमावर उभं आहोत हे पक्कं माहीत होतं.

कधी कधी तर आधीच मिळालेले पॉइंट पण जातात. मार्च २०२५ मध्ये वर्ल्ड कप क्वालिफायरला साऊथ आफ्रिकेने लेसोथोला २-० हरवलं, पण सस्पेंड असलेला मोकोएना खेळवला, आणि सहा महिन्यांनी फिफाने तो रिझल्ट ०-३ केला. तीन पॉइंट गेले आणि गोल डिफरन्समधून पाच गोल पण गेले. शेवटच्या दिवशी बेनिन १७ वर आणि साऊथ आफ्रिका १५ वर, म्हणजे स्वतः जिंकायचंच आणि बेनिन हरायला पाहिजे, बेनिनचा ड्रॉ झाला तर मग गोल डिफरन्स. तारीख तीच १४ ऑक्टोबर २०२५, ज्या दिवशी आपण फातोर्ड्यात बसलो होतो. नायजेरियाने बेनिनला ४-० हरवलं, साऊथ आफ्रिकेने रवांडाला ३-०. १८ पॉइंट, पहिला नंबर, २०१० नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपला. मॅच होती नेल्स्प्रूटलाच, त्याच स्टेडियममध्ये, आणि या वेळी ते नाचले तेव्हा टेबलात त्यांचंच नाव वर होतं.