मधुमेह आणि पाय : सगळं ठाऊक असूनही जखम का होते? या चुका टाळा

पायाची काळजी कशी घ्यायची हे बहुतेक पेशंटना पाठ असतं. तरी जखमा होतात. वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात पेशंटना पायाची काळजी शिकवण्यावरच्या 12 चाचण्या तपासल्या गेल्या. शिकवल्याने माहिती वाढते, सवयीही काही काळ सुधारतात. पण नुसत्या शिकवण्याने जखमा किंवा पाय कापायची वेळ टळते, याचा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. शिकवणं हवंच, पण गाडी अडते ती रोजच्या वागण्यात.

‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे.’ सगळ्यात महागात पडते ती हीच समजूत. नसा बधिर झाल्या की चपलेतला खडा दिवसभर रुतला तरी कळत नाही. घरी असं तपासा : पेशंटने डोळे मिटायचे. तुम्ही दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने 1-2 सेकंद हलकेच शिवायचं. दाबायचं नाही, घासायचं नाही. 6 पैकी 2 किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडून पाय नीट तपासून घ्या. असा पाय वर्षातून एकदा दाखवून भागत नाही. आधी जखम होऊन गेली असेल, तर दर 1 ते 3 महिन्यांनी दाखवायचा.

तळवा न बघणं. वाकता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढा. नजर अधू असेल तर घरच्यांनी बघावं. बायकांनी जोडवी काढून खालची कातडीही बघावी. पाय सुजला की ती रुततात.

पावसाळ्यात ओले बूट. साचलेल्या पाण्यातून स्टेशन गाठायचं आणि त्याच मोज्यांत संध्याकाळपर्यंत बसायचं, मग चिखल्या होणारच. बॅगेत सुके मोजे आणि छोटा नॅपकिन ठेवा. बोटांमधल्या बेचक्या टिपून कोरड्या करा. क्रीम टाचेला, बेचक्यांत नाही.

अंगठ्याची रबरी चप्पल. बधिर पायातून ती निसटते, पट्टा बेचकीत घासतो. मागे पट्टा असलेली एमसीआर (मऊ, सच्छिद्र रबराच्या तळाची) सँडल बरी. बूट संध्याकाळी घ्या. आतून पायापेक्षा 1-2 सेंमी लांब हवा. घालण्याआधी आत हात फिरवा. सिद्धिविनायकाला चालत जायचं तर पायांत घालूनच जा, बाप्पाची हरकत नसावी.

घरचे इलाज. कॉर्न कॅपमधल्या (भोवरीवर लावायच्या औषधी पट्टीतल्या) आम्लाने चांगली कातडीही जळते. भोवरीला ब्लेड लावू नका. गरम पाण्यात पाय बुडवून बसू नका. धुवायचं पाणीही 37 अंशांच्या आत हवं, आणि ते पायाने नाही, कोपराने अजमावा.

जखम दिसल्यावर थांबणं. हळद-चुना नको. स्वच्छ पाण्याने धुवा, सुकं गॉझ बांधा, त्या पायावर भार टाकू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लाली 2 सेंमीच्या पुढे पसरली, वास आला, कातडी काळी पडली किंवा ताप चढला, तर थेट कॅज्युअल्टी. जखम नसताना एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल, तर मुरगळला असेल म्हणून सोडू नका : हाडं आतून ढासळत असू शकतात. चालणं तिथल्या तिथे बंद करून दाखवायला जा.