रिलीझच्या तोंडावर स्नॅपशॉट डिपेंडन्सी : या चुका टाळा

मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनावर बांधल्या जाणाऱ्या जावा प्रकल्पात ऐन रिलीझच्या दिवशी हमखास आडवी येते ती अजून प्रसिद्धच न झालेली डिपेंडन्सी (आपला प्रकल्प ज्यावर अवलंबून असतो ती लायब्ररी), म्हणजे जिच्या आवृत्तीपुढे ‘स्नॅपशॉट’ लागलेले आहे ती. स्नॅपशॉटमागची जार, म्हणजे बिल्ड केलेल्या लायब्ररीची फाइल, बदलत राहते आणि नवी जार आली आहे का, हे मेव्हन एरवी दिवसातून एकदाच पाहते; त्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांच्या संगणकांवर एकाच नावाच्या दोन निराळ्या जार असू शकतात.

रिलीझ काढून देणारे मेव्हनचे रिलीझ प्लगइन अशी डिपेंडन्सी दिसताच काम थांबवते. तेव्हा पॉममध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या मेव्हन फाइलमध्ये, तारीख-वेळ असलेली नेमकी स्नॅपशॉट आवृत्ती लिहून आणि प्लगइनला तिची मुभा देऊन वेळ मारून नेली जाते. मात्र जुने स्नॅपशॉट अनेक रिपॉझिटऱ्यांतून (जारच्या साठ्यांतून) ठरावीक काळाने पुसले जातात आणि मग त्या रिलीझच्या कोडवर लावलेला तोच टॅग पुन्हा बिल्ड होत नाही.

याहून घातक चूक आमच्या एका प्रकल्पात झाली. मूळ लायब्ररीची २.४.० आवृत्ती यायची होती, म्हणून आम्ही तिचा त्या दिवसाचा कोड स्वतः बिल्ड करून ‘२.४.०’ याच नावाने अंतर्गत रिपॉझिटरीत ठेवला. पुढे खरी २.४.० आली, पण रिलीझ आवृत्ती कधी बदलत नाही असे मेव्हन गृहीत धरते, त्यामुळे ज्यांच्या संगणकावर आमची प्रत आधीच उतरली होती, त्यांना खरी जार मिळालीच नाही. स्वतःची प्रत ठेवणे अटळच असेल, तर ग्रुप आयडी (लायब्ररी कोणाची हे सांगणारे नाव) वेगळा द्यावा आणि आवृत्तीत कमिटचा हॅश, म्हणजे कोडच्या त्या नोंदीचा ओळख-क्रमांक, लिहावा, म्हणजे ती कोणाची व कुठल्या कोडची हे नावावरूनच कळेल.

‘माझ्याकडे बिल्ड होते’ यावरही विसंबू नये, कारण शेजारच्या प्रकल्पाची जार आपल्याच संगणकावरच्या लोकल रिपॉझिटरीत आधीपासून पडलेली असू शकते. रिलीझपूर्वी एकदा तरी रिकाम्या लोकल रिपॉझिटरीवर बिल्ड करावे.

हे सारे शेवटच्या दिवशी कळून उपयोग नसतो. बिल्डवर नियम लादणाऱ्या मेव्हनच्या एन्फोर्सर प्लगइनमध्ये फक्त रिलीझ आवृत्त्यांना मुभा देणारा नियम आहे आणि तो डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीही तपासतो. रिलीझसाठी कोडची वेगळी शाखा काढताच तो सीआयमध्ये, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत, लावावा. त्यात काही अडकलेच, तर मूळ लायब्ररी सांभाळणाऱ्यांना रिलीझची तारीख विचारायला आणि ती जमत नसल्यास मागच्या प्रसिद्ध आवृत्तीवर परतून ते एक वैशिष्ट्य पुढच्या खेपेस ढकलायला हाती वेळ राहतो.