समुपदेशन कक्षात जाताना

कोकणातल्या बऱ्याच कॉलेजांत समुपदेशन कक्ष असतो. तरी मुलं तिथवर जात नाहीत, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: कोण बघेल. ऑफिसातला क्लार्क शेजारच्या वाडीतला असतो, शिपाई मामाच्या ओळखीचा. आपण संध्याकाळच्या एसटीने घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असते. ही भीती खोटी नाही, म्हणून आधी तिचाच बंदोबस्त करू.

कक्षात बसतं कोण, हे पहिलं बघा. काही कॉलेजांत बाहेरचे प्रशिक्षित समुपदेशक आठवड्यातून एक-दोन दिवस येतात. लहान कॉलेजांत मात्र मानसशास्त्राच्या किंवा दुसऱ्याच विषयाच्या प्राध्यापकांकडे हे काम जादा म्हणून दिलेलं असतं. ते मनापासून ऐकतील, पण तेच तुमचे इंटर्नलचे मार्कही देत असतील तर दोघांचीही जीभ अडखळते. अशा वेळी सरळ म्हणा, "मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवता म्हणून मला अवघड वाटतंय. दुसऱ्या कुणाकडे पाठवाल का?" चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही.

पहिल्याच भेटीत, मन मोकळं करण्याआधी, तीन गोष्टी विचारून घ्या. माझं नाव कुठल्या रजिस्टरात लिहिलं जातं आणि ते कोण बघतं? प्राचार्यांना किंवा घरी काय कळवलं जातं? कुठल्या परिस्थितीत तुम्हाला दुसऱ्याला सांगावंच लागतं? तिसऱ्याचं प्रामाणिक उत्तर साधारण असं असतं: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, किंवा कोर्टाने मागितलं तर. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 23 ने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलं आहे, आणि हे अपवादही कायद्यातच आहेत. कॉलेजच्या कक्षाची पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, म्हणून विचारणं भाग आहे. अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी आणखी एक लक्षात ठेवायचं. वय 18 च्या आत असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर पोक्सो कायद्याने (2012) ऐकणाऱ्याला ती पोलिसांना कळवावीच लागते. घाबरून गप्प बसू नका, फक्त पुढे काय होणार हे आधी माहीत असू द्या.

वेळ मागताना कारण लिहायची गरज नाही. "मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, खाजगी बोलायचं आहे, कधी येऊ?" एवढा मेसेज पुरतो. भेट साधारण 45 ते 50 मिनिटांची असते. साडेचारची गाडी असेल तर चारची वेळ घेऊ नका. डोळा घड्याळावर राहतो, आणि जे बोलायला आलो तेच शेवटच्या पाच मिनिटांत अर्धवट बाहेर पडतं. मधल्या सुट्टीपेक्षा लेक्चर चालू असतानाचा ऑफ तास बरा, कारण तेव्हा व्हरांडा मोकळा असतो.

जाताना वहीच्या पाठच्या पानावर चार ओळी लिहून न्या. "टेन्शन आहे" यावरून समोरच्याला काही धरता येत नाही. असं लिहा: गेले तीन आठवडे रात्री दोनपर्यंत झोप नाही. सकाळची दोन प्रॅक्टिकल बुडाली. मेसमध्ये एकच पोळी जाते. घरून फोन आला की धडधडतं. कधीपासून, किती वेळा आणि त्यामुळे काय अडलं, एवढं असलं की पुरे. बोलायला सुचलं नाही तर कागद पुढे सरकवा. आणि आपल्या बोलीत बोला. "माका कायच सुचना नाय" हे पुस्तकी मराठीत बदलायच्या नादात अर्धी गोष्ट निसटते.

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ माहिती विचारण्यातच जातो. "काहीच सल्ला दिला नाही" म्हणून पुन्हा न जाणं ही सगळ्यात नेहमीची चूक. तीन-चार भेटी द्या. तरीही सूर जुळला नाही, किंवा तुमचं ऐकण्याऐवजी उपदेशच होत राहिला, तर समुपदेशक बदलून मागा.

पावसाळ्यात खंड पडतो. गाड्या रद्द होतात, वीज जाते, रेंज जाते. फोनवर बोलायचं ठरलं तर जागेचा आधी विचार करा. जुन्या कौलारू घरात भिंती छपरापर्यंत जात नाहीत, माजघरातलं बोलणं पडवीत ऐकू येतं. त्यापेक्षा कॉलेजला आलेल्या दिवशीच एखाद्या रिकाम्या वर्गातून बोला. गणपतीच्या सुट्टीआधी एक भेट घेऊन पुढची तारीख ठरवून ठेवा.

कॉलेजात कुणीच नसेल तर 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर आहे. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केली. ती मोफत आहे, 24 तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

समुपदेशक औषध लिहून देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं. समुपदेशकांनी डॉक्टरांकडे पाठवलं तर चिठ्ठी लेखी घ्या. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. रत्नागिरीत 1886 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नाव ऐकून पोटात गोळा येतो, पण ओपीडीत लोक तपासून घेऊन त्याच दिवशी घरी जातात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, त्या आपल्या मनाने बंद करू नका. सुट्टीला गावी जाताना पुरतील एवढ्या बरोबर घ्या.

जगू नये असं वाटत असेल तर वेळ ठरायची वाट बघू नका, आणि गेल्या गेल्या पहिल्याच वाक्यात ते सांगा. एकटे राहू नका. रूममेट, वॉर्डन, मावशी, जे जवळ असेल त्याला बसवून घ्या आणि 14416 लावा. जिवावरच बेतत असेल तर 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108. घरी आंब्याच्या फवारणीची औषधं पडवीत उघडी असतील तर घरच्या माणसाला सांगून ती कुलपात ठेवायला लावा आणि चावी त्यांच्याकडेच राहू द्या. मैत्रीण किंवा मित्र हे तुमच्याजवळ बोलला आणि "कुणाला सांगू नको" अशी शपथ घातली, तरी ती शपथ मोडा आणि त्याच दिवशी त्याला सोबत घेऊन कक्षात जा. कक्ष बंद असेल तर वॉर्डनकडे जा.