जर्मनीत श्रीखंड करायचंय? क्वार्क आणा

जर्मनीत नवा संसार मांडलेल्या दोघांनी श्रीखंडासाठी रात्रभर दही टांगायचा खटाटोप करू नये. सुपरमार्केटात दह्याच्या शेजारीच क्वार्क (एक मऊ, ताजं चीज) मिळतो, तो चक्क्याचं काम चोख करतो. फक्त मागरक्वार्क टाळा. त्यात स्निग्धांश जवळपास नसतोच, आणि श्रीखंड खडूसारखं लागतं. डब्यावर ४० टक्के लिहिलेला घ्या. आकडा बघून दचकू नका: तो पाणी वगळून उरलेल्या भागातला स्निग्धांश आहे, एकूण वजनात जेमतेम ११ टक्के भरतो.

क्वार्क जरा ओलसर असतो. फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, वर वजन, दोनेक तास फ्रिजमध्ये. आंबटपणा चक्क्यापेक्षा कमी, म्हणून ५०० ग्रॅमला २०० ग्रॅम पिठीसाखरेपासून सुरुवात करा आणि चाखत वाढवा. केशर, वेलदोडा नेहमीप्रमाणे.

एकालाच दुकानात धाडणार असाल तर डब्याचा फोटो पाठवा. तिथेच क्रॉयटरक्वार्क असतो, हिरव्या पाल्याचा, बहुतेकदा कांदा-लसूण घातलेला! उकडलेल्या बटाट्यांबरोबर झकास (तो मुद्दाम आणाच), पण साखर पडण्याआधी डबा हुंगून बघा. पाडवा रविवारी येत असेल तर खरेदी शनिवारीच उरका. रविवारी बहुतेक दुकानं बंद.