स्किझोफ्रेनिया, बायपोलरवाल्यांनी एकमेकांना आधार द्यायचा आपला ग्रुप आपणच कसा चालवायचा (गोव्यात राहून)

सगळ्यात आधी ठरवा चावी कोणाकडे राहणार. खोलीची चावी, चहाच्या पैशांचा डबा, आणि पुढच्या वेळी कशावर बोलायचं हे ठरवायचा हक्क. हे सगळं डॉक्टर, सोशल वर्कर किंवा कोणाच्यातरी आईकडे असेल तर ग्रुप चांगला असेलही, पण तो आपण चालवलेला नाही, आपल्यासाठी कोणीतरी चालवलेला आहे. न्यूयॉर्कचं फाउंटन हाउस १९४८ मध्ये मेंटल हॉस्पिटलातून बाहेर आलेल्या लोकांनी, काही मदतनीसांना सोबत घेऊन, उभं केलं, म्हणजे हे काही नवीन खूळ नाही. आणि आपल्या गोव्यातच, सातारा आणि तमिळनाडूसोबत, गावातल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांच्या घरी पाठवायचा प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, नुसत्या ओपीडीपेक्षा थोडा का होईना फायदा दिसला. ती माणसं पेशंट नव्हती, आपण त्याच्या पुढची पायरी चढतोय एवढंच.

जागा. बांबोळीला आयपीएचबीच्या (सरकारी मनोरुग्णालयाच्या) आवारात नको, ओपीडीला तर जातोच तिथे, परत मीटिंगलाही तेच गेट कशाला. आपल्या वाड्यावरच्या देवळाचा हॉलही नको, संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळतं. म्हापसा, फोंडा, डिचोली, कुठेही बसस्टँडपासून चालत जाता येईल अशी वाचनालयाची खोली बघा. म्हापशात असाल तर शुक्रवार सोडून, बाजाराच्या दिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि गर्दीने ज्याचं डोकं आधीच गरगरतं तो परत फिरतो. वेळ दुपारी चारची, कारण रात्रीच्या गोळ्यांची गुंगी बऱ्याच जणांची अकरा-बारापर्यंत उतरत नाही, आणि सहाच्या आत उठायचं, सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावांत जाणाऱ्यांची शेवटची बस चुकली तर तो माणूस पुढच्या वेळी येत नाही. चारपाच जण पुरेत.

बोलायचं कसं? एकेकाने, आणि जो थांबतच नाही त्याला थांबवायची पाळी दरवेळी वेगळ्याची, नाहीतर एकटाच वाईट ठरतो. आवाज ऐकू येतात म्हणाला तर ते खरे की खोटे यावर वाद घालू नका, कधी येतात, काय केलं की कमी होतात ते विचारा. कोणी घाड्याकडे (देवदेवस्की बघणाऱ्याकडे) जाऊन आला, देवीचा कौल घेऊन आला तर हसायचं नाही, गोळ्या चालू आहेत ना एवढंच विचारायचं.

गोळ्यांचं मात्र कडक ठेवा. दुसऱ्याला कमी कर, बंद कर असं कोणीच सांगायचं नाही. स्वतःचा अनुभव सांगा की, तो तर आपल्याकडचा खरा माल आहे. उदाहरणार्थ लिथियमवाले (बायपोलरची गोळी). एप्रिल-मेच्या घामात किंवा जुलाब लागले की अंगातलं पाणी कमी होतं आणि रक्तातलं लिथियम वाढतं, हात नेहमीपेक्षा जास्त थरथरतात, चालताना तोल जातो, उलट्या होतात. ग्रुपमधल्या कोणाच्या हातातला चहाचा कप असा हलताना दिसला की त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा, लेव्हल तपासायला. हे घरच्यांच्या आधी आपल्याला दिसतं.

घरच्यांना बाहेर बसवा. राग येईल त्यांना, येऊ दे. त्यांची वेगळी बैठक हवी असेल तर त्यांनी ती करावी.

बरं असताना प्रत्येकाने एक कागद लिहायचा, ही ग्रुपची सगळ्यात उपयोगी दुपार. माझी झोप किती दिवस उडाली की धोका, कोणाला फोन करायचा, कोणाला अजिबात नाही. त्याच्या पुढे जाऊन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आगाऊ निर्देश लिहिता येतो, कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि कलम १४ प्रमाणे आपल्या वतीने बोलणारा माणूसही आपणच नेमायचा, तो नवरा किंवा भाऊच पाहिजे असं नाही. इमर्जन्सीच्या उपचारांना हा निर्देश लागू होत नाही, तेवढं लक्षात असू द्या. जीव द्यायचं कोणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, रात्री पण चालू असते, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर १०८ ची ॲम्ब्युलन्स.

व्हॉट्सॲप ग्रुपला आजाराचं नाव देऊ नका, फोटो नाहीत, फोन घरात सगळे बघतात. पैशांची वही उघडी ठेवा, आणि लांबून येऊन मीटिंग चालवणाऱ्याला बसभाडं द्या, फुकटची सेवा दोन महिन्यांत दमते.

गणपतीच्या चवथीत आणि मुसळधार पावसात माणसं गळतात, ते धरूनच चाला. कोणी लागोपाठ दोनदा आला नाही तर एकानेच फोन करायचा, का आला नाहीस असं नाही, गुरुवारी आहोत, चहा आहे, बस्स. फोन घरच्यांनी उचलला तर मित्र बोलतोय म्हणा, बाकी काही नको.