पुण्याहून जर्मनीला कुत्रा आणि घरसामान नेताना: आधी चिप, मग लस, मग बाकी सगळं

व्हिसा, नोकरीचा करार, तिकडचं घर, मुलांची शाळा हे तुमचं तुम्ही बघितलं असणार असं धरून चालते. आमचं बिऱ्हाड आतापर्यंत दोनदा हललं आणि ओळखीच्या बऱ्याच घरांचे कागद मी मांडीवर घेऊन तपासले. दर वेळी एकच दिसतं. माणसं आधी मूव्हर्सचे भाव काढतात, कंटेनर ठरवतात, सोफा न्यायचा की विकायचा यावर महिना घालवतात आणि कुत्र्याचं ‘बघू शेवटच्या महिन्यात’ म्हणतात. हे अगदी उलटं आहे. सामानाच्या तयारीला तीन आठवडे पुरतात. कुत्र्याला किमान चार महिने लागतात आणि ते कुणाच्या ओळखीने किंवा जादा पैसे देऊन कमी होत नाहीत. मांजरालाही हाच नियम.

म्हणून बदलीची नुसती कुणकुण लागली तरी त्याच आठवड्यात व्हेटकडे जा. बदली रद्द झाली तर काय गेलं? एक चिप आणि एक लस.

चिप, लस, रक्त: हा क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून

रेबीजच्या बाबतीत युरोपियन युनियनने धोका कमी धरलेल्या देशांची यादी केली आहे आणि भारत त्या यादीत नाही. त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्याला नुसता लसीचा दाखला पुरत नाही. लसीने रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली आहेत हे तपासणीने दाखवावं लागतं. हीच टायटर टेस्ट. क्रम असा:

१. मायक्रोचिप, म्हणजे ओळखीचा आकडा असलेली बारीक चिप, कातडीखाली बसवा. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ आकडी.
२. चिप वाचून, आकडा वहीत लिहून, मग रेबीजची लस. त्याच दिवशी दिली तरी चालते, पण चिप आधी. पिल्लू असेल तर लसीच्या दिवशी ते निदान १२ आठवड्यांचं हवं.
३. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त. तपासणी युरोपियन युनियनने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच. निकाल दर मिलीलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून जास्त हवा.
४. रक्त घेतल्या दिवसापासून पूर्ण तीन महिने थांबा. त्यानंतरच युरोपात पाऊल.

चार ओळींत मावतं, पण माझं पहिलं वर्ष यातच गेलं. आमची चिंगी गावठी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली. तिला १२ जानेवारीला रेबीजची लस दिली होती, नेहमीची वार्षिक. २ फेब्रुवारीला चिप बसवली. ५ मार्चला रक्त घेतलं, निकाल उत्तम आला. मी तीन महिने मोजले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातली तिकिटं काढली. शेवटचं प्रमाणपत्र घ्यायला फाइल घेऊन गेले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी दोन तारखांवर पेनाने गोल केला आणि फाइल माझ्याकडे सरकवली. लस १२ जानेवारी, चिप २ फेब्रुवारी. चिप नसताना दिलेली लस या कुत्रीलाच दिली होती याला पुरावा काय? म्हणजे ती लस धरता येत नाही. लसच धरली नाही तर तिच्यावरची रक्ततपासणीही बाद.

आमच्या व्हेटना हा नियम माहीत नव्हता. ज्या एजंटला मी आगाऊ पैसे दिले होते त्याने कागद उघडून बघितलेच नव्हते. १० जूनला चिंगीला पुन्हा लस दिली, १२ जुलैला रक्त घेतलं, १२ ऑक्टोबरपर्यंत थांबले. आम्ही सगळे जूनमध्ये गेलो आणि ती साताऱ्याला माझ्या वडिलांकडे राहिली. रोज संध्याकाळी गेटपाशी बसायची असं बाबा फोनवर सांगायचे. ऑक्टोबरमध्ये मी तिला आणायला परत आले. तो खर्च आणि त्या चार महिन्यांत मुलांनी काढलेले दिवस मी विसरलेले नाही. म्हणून तुम्हाला सांगते, लसीची वही आणि चिपचा दाखला आज, आत्ता समोरासमोर ठेवा. चिपची तारीख लसीच्या आधीची किंवा त्याच दिवसाची नसेल तर वाद घालत बसू नका. लस पुन्हा द्या आणि तिथून मोजायला लागा.

आता ऐकायला मिळणारे चुकीचे सल्ले.

‘तीन महिने रिपोर्ट आल्यापासून मोजायचे.’ नाही. रक्त घेतल्या तारखेपासून. रिपोर्ट यायला कधी दोन, कधी चार आठवडे लागतात, ते तीन महिन्यांतच धरलेले असतात.

‘रिपोर्ट चांगला आहे, मग लगेच जाऊ देतील.’ नाही. रेबीज शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. रक्त घेण्याआधीच तुमच्या कुत्र्याला एखादा पिसाळलेला कुत्रा चावलेला असेल तर लसीमुळे रिपोर्ट चांगला येईल आणि आजार मात्र आत असेल. तो बाहेर पडायला वेळ द्यायचा म्हणून ही मुदत आहे. कारण कळलं की माणूस सूट मागत फिरत नाही.

‘दुबईमार्गे जा, तो देश यादीत आहे.’ दुबईत विमान बदललं म्हणून कुत्रा दुबईचा होत नाही. तो भारतात राहत होता, भारताचाच नियम लागतो. असा सल्ला देणाऱ्याला पैसे देऊ नका.

‘आमच्याकडे पेट पासपोर्ट काढून मिळेल.’ युरोपियन युनियनचा पेट पासपोर्ट तिथलेच अधिकृत व्हेट देतात. आपल्याकडे त्या नावाने जे निळं पुस्तक मिळतं ती लसीची वही आहे. वही म्हणून ती चांगली, पण तेवढंच.

रक्त घेताना स्वतः उभ्या राहा. प्रयोगशाळेला सीरम लागतं. रक्त गोठू देऊन, फिरवून सीरम वेगळं काढायचं आणि थंड ठेवून पाठवायचं. घाईने काढलेलं, लालसर झालेलं सीरम प्रयोगशाळा नाकारू शकते. कुपीवर चिपचा आकडा लिहायला लावा. व्हेटना आधी चिप स्कॅनरने वाचायला सांगा आणि फॉर्मवरचा आकडा एकेक अंक बोट ठेवून ताडून बघा. एका मैत्रिणीच्या फॉर्मवर शेवटून दुसरा अंक ६ ऐवजी ८ झाला होता. दुरुस्तीचं पत्र मागवण्यात तिचे दोन आठवडे गेले.

पहिल्यांदाच लस घेतलेल्या कुत्र्याचा निकाल कधी कधी ०.५ च्या खाली भरतो. मग पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. यासाठी हातात दीड-दोन महिने जास्तीचे ठेवाच. वार्षिक बूस्टरची तारीख या काळात कुठे येते तेही बघा. बूस्टर वेळेत दिला तर टायटरचा निकाल पुढे चालू राहतो. एक दिवस जरी उशीर झाला तरी ती लस नवी धरली जाते आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर येते.

प्रमाणपत्र आणि विमान

शेवटचा कागद म्हणजे युरोपियन युनियनच्या नमुन्यातलं आरोग्य प्रमाणपत्र. ते सरकारी पशुवैद्यकाकडून, आपल्याकडे अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसच्या मुंबई कार्यालयातून करून घ्यायचं. सही झाल्यापासून १० दिवसांत कुत्रा युरोपच्या प्रवेशद्वाराशी पोचला पाहिजे, म्हणून वेळ आधीच ठरवा. प्रमाणपत्र इंग्रजीत आणि जिथून युरोपात शिरणार त्या देशाच्या भाषेत लागतं. फ्रँकफर्टला उतरणार तर जर्मन, अ‍ॅमस्टरडॅमला उतरून पुढे जाणार तर डच. हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या.

कुत्रा तुमच्याच विमानातून जायला हवा असं नाही, पण तुमच्या प्रवासाच्या आधी-नंतरच्या ५ दिवसांत तो गेलाच पाहिजे. तुमचं लेखी अधिकारपत्र घेऊन दुसरं माणूस नेऊ शकतं, पण ५ दिवसांची अट तेव्हाही असतेच. त्याबाहेर गेलं की ते व्यापारी वाहतुकीत मोडतं आणि नियम फार कडक होतात. मला स्वतःला परत यावं लागलं ते याचसाठी.

पिंजऱ्यात कुत्रा ताठ उभा राहिला, वळला आणि पसरून झोपला पाहिजे. पिंजरा दोन महिने आधी घरात आणून ठेवा, त्यात त्याची चादर टाका, जेवण तिथेच द्या. झोपेचं औषध देऊ नका, विमान कंपन्या असा कुत्रा घेत नाहीत. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना बऱ्याच कंपन्या नाहीच म्हणतात, आधी विचारा. पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशर टेरियर, स्टॅफर्डशर बुल टेरियर आणि बुल टेरियर या चार जाती जर्मनीत आणायला बंदी आहे.

सामान

इथे जीव घाबरा करण्यासारखं काही नाही. युरोपाबाहेर सलग १२ महिने राहिलेला माणूस तिथे राहायला आला तर त्याच्या वापरातल्या सामानावर आयात शुल्क लागत नाही. अट अशी की वस्तू निदान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरात असावी आणि तिथे राहायला लागल्यापासून १२ महिन्यांच्या आत आणलेली असावी. त्यानंतर १२ महिने ती विकायची नाही, भाड्याने किंवा उसनी द्यायची नाही. जर्मन कस्टम्सचा यासाठीचा फॉर्म क्रमांक ०३५०. सोबत तिथल्या पत्त्याची नोंदणी, नोकरीचा करार, भारतात राहत होता याचा पुरावा आणि सामानाची यादी.

यादी नीट करा. ‘किचनचं सामान, ४ खोके’ असं लिहिलं की खोकी उघडली जातात. खोक्याचा क्रमांक, वस्तू, नग, खरेदीचं वर्ष, आजची अंदाजे किंमत, ‘वापरलेलं’ हा शब्द. निघायच्या आठवड्यात घेतलेला लॅपटॉप किंवा मिक्सर सवलतीत बसत नाही, त्यावर शुल्क आणि १९ टक्के आयात कर लागू शकतो. मिक्सर मात्र जुना असेल तर जरूर न्या. तिथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, फक्त पिन बदलावी लागते.

तूप नेऊ नका. पेढे, खवा, पनीर, कुठलेही मांस किंवा दुधाचे पदार्थ युरोपात वैयक्तिक सामानातून नेता येत नाहीत, बॅगेतूनही नाही. आईने कढवलेल्या तुपाचा डबा विमानतळावर टाकून द्यावा लागतो तेव्हा वाईट वाटतं. घरीच कुणाला तरी देऊन निघा. कुत्र्याचं मांसाचं खाद्यही यातच येतं, ते तिथे जाऊन घ्या. ताजा कढीपत्ता, तुळशीचं रोप यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मेतकूट, गोडा मसाला, तेलातलं लोणचं, चकल्या खुशाल न्या.

देवघराची बांधाबांध स्वतः करा, पॅकर्सवर सोडू नका. मोरपिसं भारतातून बाहेर न्यायला बंदी आहे. मृगाजिन, वाघनख असलं काही घरात असेल तर त्याचा विचारही करू नका. पणजीची समई किंवा जुना ताम्हण १०० वर्षांहून जुना असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली तो बाहेर नेता येत नाही. तेवढा जुना नसून तसा दिसत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधी घ्या. शिसवी लाकूड आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत आहे. १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट आहे, म्हणजे शिसवी पाट जाईल, पण शिसवी पलंगाला परवाना लागेल. लाकडी खोक्यावर कीडनियंत्रणाचा शिक्का हवा, तो मूव्हर्सकडून दाखवून घ्या.

न्हावा शेवा ते हॅम्बुर्ग सामान निघालं की पाठपुरावा करायचा, एवढंच.

उतरल्यावर

फ्रँकफर्टला कुत्रा घेऊन कस्टम्सच्या लाल मार्गिकेतूनच जा, म्हणजे काही दाखवायचं असलेल्यांच्या. हिरव्यातून गेलात तर कागद बरोबर असूनही अडचणीत याल. चिप वाचतात, आकडा ताडतात, शिक्का मारतात. चिंगीच्या वेळी हे सगळं दहा मिनिटांत झालं. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर ती बाहेर येऊन आधी माझ्या बुटांचा वास घेत उभी राहिली.

गावात पत्ता नोंदवल्यावर कुत्र्याचीही नगरपालिकेत नोंद करायची, तिथे कुत्र्यावर वार्षिक कर असतो. आणि पहिल्याच महिन्यात तिथल्या व्हेटकडून खरा पेट पासपोर्ट काढून घ्या, त्यात टायटरचा निकाल लिहून घ्या. मग दिवाळीला त्याला घेऊन पुण्याला आलात तरी परतताना तीन महिने थांबावं लागत नाही, बूस्टर मात्र वेळेत दिलेला हवा. चिंगीचा बूस्टर जूनमध्ये असतो, मी मे महिन्याच्या पानावरच लाल पेनाने लिहून ठेवते.