बापूंशी बोलायचं तर आधी तारीख ठरवा

सप्टेंबर लागला की आजूबाजूच्या शाळांतून फोन येऊ लागतात. "मॅडम, दोन ऑक्टोबरले महात्मा गांधींची काल्पनिक मुलाखत बसवायची हाये, एखादा नमुना पाठवा ना." नमुना मी पाठवत नाही. नमुना पाठवला की देवळीचे बापू आणि आर्वीचे बापू एकसारखंच बोलू लागतात. सत्य, अहिंसा, स्वच्छता आणि शेवटी 'मुलांनो, खूप शिका'. आम्ही वर्धा जिल्ह्यातली माणसं. बापू दहा वर्षं आमच्या शेजारात राहिले, आमच्याच काळ्या मातीच्या चिखलातून चालले. त्यांच्याशी आमच्या पोरांनी खरोखरच काहीतरी बोलावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून नमुन्याऐवजी मी वर्गात हे कसं करून घेते, ते लिहिते.

सगळ्यात आधी तारीख ठरवायची. बापूंना आपल्या काळात ओढून आणायचं नाही, आपण त्यांच्या एका दिवसात जायचं. आकाशातून उतरलेल्या गांधीजींना मोबाइल दाखवणारे संवाद पोरांना फार आवडतात, पण त्यात बापू दोन वाक्यांत थक्क होतात आणि पुढं त्यांच्याकडं बोलायला काही उरत नाही. एक महिना, एक वर्ष, एक जागा पक्की करा. मग बघा, किती गोष्टी आपोआप शोधाव्या लागतात.

समजा, जुलै १९३६ ठरवला. बापू ३० एप्रिल १९३६ ला पहिल्यांदा आजच्या सेवाग्रामला मुक्कामाला आले. तेव्हा गावाचं नाव सेवाग्राम नव्हतं, शेगाव होतं. नाव बदललं १९४० मध्ये, कारण टपाल आपल्या बुलढाण्याच्या शेगावला जायचं. म्हणजे १९३६ च्या संवादात 'सेवाग्राम आश्रम' हे शब्द येता कामा नयेत. बापू कुटीही नाही! आज आपण चपला काढून जिथं चटईवर बसतो, ती झोपडी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधून घेतली होती, बापू तिथं नंतर राहायला गेले. १९३६ च्या पावसाळ्यात ते आदि निवासात, म्हणजे तिथल्या पहिल्या घरात होते आणि तिथंच बाकीची मंडळीही दाटीवाटीनं राहायची. व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून बसवलेला तो टेलिफोन मुलं सहलीत डोळे मोठे करून पाहतात, तोही नंतरचा. १९३६ साली तिथं धड रस्ता नव्हता, टपाल कचेरी नव्हती. तुमच्या मुलाला बापूंकडं पोचायचं असेल तर बैलबंडीनं किंवा पायी, वर्ध्याहून, गाळ तुडवत. संवादाची पहिली चार वाक्यं तिथंच मिळतात.

तारखेचं महत्त्व इतक्यावर संपत नाही. बापूंची मतं बदलत गेली आणि ते त्यांनी लपवलं नाही. २९ एप्रिल १९३३ च्या 'हरिजन' या आपल्या साप्ताहिकात त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की, एकाच विषयावर माझ्या दोन लिखाणांत विसंगती दिसली तर नंतरचं धरा. आता आंतरजातीय लग्नाचा प्रश्न घ्या. आठवीतल्या मुली तो विचारतातच, कारण गावात तसं काही झालं की महिनाभर पारावर दुसरा विषय नसतो. १९२१ च्या बापूंना विचाराल तर ते जातीबाहेरच्या लग्नाला अनुकूल नाहीत, 'यंग इंडिया' या त्यांच्या तेव्हाच्या साप्ताहिकात तसं लिहिलेलं आहे. १९४६ च्या बापूंना विचाराल तर ते सांगतील, वधूवरांपैकी एक हरिजन असेल तरच सेवाग्राम आश्रमात लग्न लागेल. पंचवीस वर्षांत माणूस कुठून कुठं गेला! तारीख न घालता लिहिलं की या दोघांची मिसळ होते आणि असा गांधी कधीच कुठं झालेला नसतो. एका मुलीनं तर दोन्ही वर्षांत जाऊन तोच प्रश्न विचारला आणि दुसऱ्या खेपेला म्हणाली, "मागच्या टायमाले तर तुमी वेगळंच सांगतलं होतं जी." माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच.

वाचायचं काय? बहुतेक शाळांत आत्मकथा असते. ती जरूर वाचा, पण ती १९२० च्या नागपूर काँग्रेसपाशी येऊन थांबते. आपल्या वर्ध्याचे बापू त्यात नाहीत. त्यांच्यासाठी 'हरिजन'मधले लेख आणि पत्रं पाहावी लागतात. त्यांचं समग्र लिखाण इंटरनेटवर मोफत आहे, तारखेनुसार लावलेलं आहे, हिंदीतही आहे. आपण ठरवलेल्या तारखेच्या मागचे-पुढचे दोन महिने काढायचे आणि तेवढेच वाचायचे. सातवीच्या मुलाला शंभर खंड नकोत, सहा पत्रं पुरतात. पत्रंच का, तर भाषणातला माणूस गर्दीशी बोलतो आणि पत्रातला एकाशी. आपल्याला एकाशी बोलणारा हवाय. त्यांची पत्रं वाचताना पोरांच्या एक गोष्ट लवकर ध्यानात येते: बापू उपदेशाआधी चौकशी करतात. तब्येत कशी, खाणं काय, खर्च किती, सूत किती कातलं. त्यांच्या बोलण्याची लकब इथून उचलायची.

भाषेचंही आधीच ठरवा. बापूंच्या तोंडी साधी, छोटी वाक्यांची मराठी द्या. मुलाच्या तोंडी मात्र त्याची घरची बोली राहू द्या. 'भेटत नाई'ला लाल पेनानं 'मिळत नाही' करू नका. शुद्ध बोलायला लावलं की पोरगं भाषण देतं आणि बोली राहू दिली की बोलतं. आपण 'बापूजी, तुम्ही' म्हणायचं, ते आपल्याला 'तू' म्हणतील.

आता प्रश्न. 'तुमचे बालपण कसे गेले', 'तुमचा आवडता छंद कोणता' हे पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहून पुसून टाकते. प्रश्न मुलाच्या घरातला हवा, ज्याचं उत्तर त्याला खरंच पाहिजे आहे असा. आमच्याकडं जुलैत शाळेत निम्मी पोरं असतात, बाकीची निंदायला नाही तर डवऱ्यामागं, म्हणजे बैलांच्या कोळप्यामागं. म्हणून कापूस येतोच. हे एका सातवीतल्या मुलीच्या वहीतलं, जसंच्या तसं:

— बापूजी, आमच्या कापसाले भाव भेटत नाई जी.
— किती पिकवता?
— पाच एकरात पऱ्हाटी हाये.
— त्यातला घरी किती ठेवता?
— घरी कायले ठेवायचा? सारा जिनिंगवर जाते.
— मग अंगावरचं कापड कुठून आणलंस?
— वर्ध्याच्या दुकानातून.
— ते कुणाच्या कापसाचं?
— थे नाई मालूम जी.
— आणि सरकी?
— थे बी कापसासंगच जाते. मंग ढोराईले ढेप इकत आणतो.
— सरकी देऊन टाकता आणि ढेप विकत आणता. घरी हिशेब कोण ठेवतं?
— माय. पण वहीत नाई, डोक्यात.
— आईला घेऊन ये. येताना वही आण.

यातलं एकही वाक्य बापूंचं नाही, सगळी त्या मुलीची. पण 'सरकी' आणि 'वही' पाहा. सरकी म्हणजे कापसाचं बी, आणि ढेप म्हणजे तिचं तेल काढून उरलेली पेंड. घरचा पैसा कोणत्या वाटेनं बाहेर जातो, हे खेड्यातल्या माणसाला विचारत राहणं ही बापूंची खरी रीत होती आणि ती मुलीनं पत्रांतून बरोबर उचलली. भावाचं उत्तर बापूंनी दिलंच नाही, कारण त्यांच्याकडं ते नव्हतं. त्यांनी आईला बोलावलं. इथं मोठी माणसं हमखास मोडता घालतात: "गांधीजींनी काहीतरी संदेश द्यायले पाह्यजे ना." नको. ज्या नेत्याकडं आपल्या प्रत्येक अडचणीचं तयार उत्तर असतं, तो आपण आपल्या सोयीसाठी बनवलेला असतो.

हमीभावाबद्दल विचारायचं असेल तर एक पायरी वाढते. ती व्यवस्था स्वातंत्र्यानंतरची. १९३६ च्या माणसाला ती ठाऊक असणं शक्य नाही, म्हणजे समजावून सांगायचं काम मुलाचं. केंद्र सरकार भाव जाहीर करतं, बाजार त्याखाली गेला की सरकारी खरेदी होते, कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की माल परत. हे पोराला बापांकडून विचारून यावं लागतं. बहुतेकांनी तोवर घरी हा विषय कधी काढलेलाच नसतो. मग बापूंच्या जागी बसून मुलानंच विचार करायचा, हे सगळं ऐकून हा माणूस पुढं काय विचारेल. एका मुलानं लिहिलं, "ओलावा मोजतं कोण?" मी त्याच्या वहीत भलंमोठं बरोबरचं चिन्ह केलं.

अडचण आली, उत्तर सुचेना, आधारही सापडेना, तर सोमवारचा उपयोग करा. सोमवारी बापूंचं मौन असायचं. काही सांगायचं तर कागदाच्या तुकड्यावर लिहून द्यायचे आणि कागद वाया घालवणं त्यांना खपत नसे, जुन्या पाकिटाची कोरी बाजूसुद्धा ते वापरायचे. मुलाला सांगायचं, हा प्रश्न सोमवारी विचार. चिठ्ठीवर एकच ओळ येईल आणि ती ओळ त्यांच्या खऱ्या लिखाणातलीच हवी, तारखेसकट. ओळ नाही सापडली तर चिठ्ठी कोरी. कोरी चिठ्ठी वाचून दाखवायला पोरं आधी कचरतात, पण ती प्रामाणिक असते.

खोलीत तिसरा माणूस ठेवला तर बोलणं सुधारतं. १९३६ साठी बापूंचे सचिव महादेवभाई देसाई आयतेच आहेत. ते तेव्हा वर्ध्याला मगनवाडीत राहायचे आणि उन्हातान्हात पायी शेगावला ये-जा करायचे. ते टिपणं घेतात, मध्येच एखादी तारीख दुरुस्त करतात, भेटीची वेळ संपल्याचं सांगतात. लाजऱ्या मुलाला हे काम द्या, वर्गातला सगळ्यात नीट वाचणारा तोच निघतो.

कडक प्रश्नांना घाबरू नका. आमच्या बौद्ध वस्तीतल्या एका मुलीनं तारीख निवडली सप्टेंबर १९३२ आणि जागा येरवडा तुरुंग. प्रश्न एकच: आमच्या लोकांना स्वतंत्र मतदारसंघ मिळत होते, तुम्ही २० सप्टेंबरला उपोषणाला का बसलात? स्टाफरूममध्ये कुजबुज झाली, गावात वाद होईल म्हणून. मी तिला दोन अटी घातल्या. बापूंची बाजू त्यांच्या सगळ्यात मजबूत रूपात मांडायची, त्यांना बावळट करायचं नाही; हिंदू समाजाचे कायमचे दोन तुकडे होतील ही त्यांची भीती त्यांच्या तोंडून नीट आली पाहिजे. आणि बाबासाहेबांची बाजू बाबासाहेबांच्या लिखाणातून घ्यायची, ऐकीव नाही. तिनं दोन्ही पाळलं. २४ सप्टेंबरच्या पुणे करारापर्यंत ती आली आणि शेवटचं वाक्य लिहिलं, "मले पटलं नाई, बापूजी." ते तसंच ठेवलं, तसंच सादर झालं. नेत्याशी बोलून आपण दरवेळी पटवून घेऊनच उठलं पाहिजे, असं कुठं आहे? ऐकणाऱ्यांत तिचे आजोबा होते, गावचे माजी सरपंचही होते आणि कार्यक्रमानंतर दोघं बराच वेळ त्याच विषयावर बोलत उभे होते.

एक नियम मी कधीच सैल करत नाही. नेत्याचे खरे शब्द अवतरणचिन्हात, खाली तारीख. आपण रचलेलं वाक्य डॅश देऊन, अवतरणाशिवाय. सादर करताना निवेदकानं सुरुवातीला सांगायचं की हा संवाद रचलेला आहे आणि कोणती वाक्यं मूळची आहेत. मोबाइलवर थोरांच्या नावानं काय काय फिरतं ते आपण रोज पाहतो. आपल्या शाळेतून त्यात भर पडू नये. त्याच कारणासाठी आजच्या निवडणुकीबद्दल किंवा पक्षांबद्दल मेलेल्या माणसाच्या तोंडी मत घालायचं नाही, तुमच्या बाजूचं असलं तरी.

बापूच पाहिजेत असं नाही. बाबासाहेबांशी बोलायचं तर २५ नोव्हेंबर १९४९, संविधान सभेतलं भाषण झाल्यावरची संध्याकाळ उत्तम. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडं नेते, हे त्या भाषणात स्पष्ट आहे आणि नववी-दहावीला ते झेपतं. अमरावतीकडच्या शाळांनी पंजाबराव देशमुखांना सोडू नये. पापळचा शेतकऱ्याचा मुलगा, ऑक्सफर्डला वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून आला आणि १९२७ मध्ये अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उभा राहिला; पुढं १९५२ पासून दहा वर्षं देशाचं कृषी खातं. त्यांच्याशी बोलायला मी १९६० चा जानेवारी घेईन, दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलेलं असताना. विदर्भातून गेलेल्या कास्तकाराच्या मुलानं तिथं काय पाहिलं आणि मंत्र्याला काय विचारलं, हे लिहायला भरपूर जागा आहे.

सादर करताना वेशभूषा नको. टक्कल, चष्मा, काठी आली की पहिल्या रांगेतली बारकी पोरं हसतात आणि पुढचं कुणी ऐकत नाही. खाली एक सतरंजी, दोघं समोरासमोर, महादेवभाई बाजूला वही घेऊन. माईक बोलणाऱ्यांच्या मधोमध, जमिनीलगत ठेवा. दहा-बारा मिनिटांच्या वर नेऊ नका. कार्यक्रम झाला की वह्या शाळेच्या वाचनालयात जमा करा, पहिल्या पानावर संवादाची तारीख, जागा आणि वाचलेल्या पत्रांच्या तारखा लिहून. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या वाचू द्या, फक्त तीच तारीख पुन्हा घेऊ देऊ नका.